सिदूच्या दुखण्याचं कार्ड

दगडाबाईला घाणीचं वावडं कधीच नव्हतं. मेंढीच्या जखमेतले किडे काडीनं काढावेत, अडलेलं कोकरू कोपरापर्यंत हात घालून ओढावं आणि तोच हात राखेनं घासून भाकरी थापायला बसावं, असा तिचा जन्म गेला. धारूरच्या डोंगराखालच्या वस्तीवर ती लग्न होऊन आली आणि मेंढरांमागं फिरता फिरता म्हातारी झाली. शिसारी म्हणजे काय हे तिला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही माणसांमुळे.

तिच्या नवऱ्यानं, सिदूनं, जन्मभर गालात तंबाखू धरली. शेवटी तंबाखूनं त्याचा गाल धरला. मोठ्या दवाखान्यात अर्धा जबडा काढला, तरी दुखणं गळ्याखाली परत उगवलं. मग डॉक्टरांनी ‘आता घरीच ठेवा’ म्हणत गोळ्यांची पुडी हातावर ठेवली. त्या गोळ्या म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. सिदू घोंगडीचं टोक मुठीत आवळून गुरासारखा हंबरायचा. पाहुणे यायचे, नाकाला धोतराचा सोगा लावून दारातूनच ‘लई वाईट झालं’ म्हणायचे आणि चहा मात्र पिऊन जायचे. दगडाबाई त्यांच्या कपबशा दोनदा घासायची.

मठातल्या एका म्हाताऱ्या गोसाव्यानं मूठभर गांजाचा पाला दिला. सिदूला चिलीम ओढवेना, म्हणून तिनं तो दुधातून चमच्यानं पाजला. त्या दिवशी सिदू झोपला. उठल्यावर वाटीभर आंबील प्याला आणि मेंढरं कुठं आहेत ते खुणेनं विचारलं. एवढंसं सुख, पण दगडाबाई चुलीपुढं बसून रडली. पुढं तिनं मेंढरांच्या वाडग्यामागं गांजाची दोन झाडं लावली.

कुणीतरी चुगली केली. दोन झाडांसाठी जीपभर पोलीस आले. वाघ मारल्यासारखा झाडांसोबत फोटो काढला. पोत्यानं माल विकणारे उजळ माथ्यानं फिरतात ते या जीपला दिसत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी!

“दवा हाय वो सायेब, मालकाची,” दगडाबाई म्हणाली.

“दवा असंल तर सरकारी कागद दाव. न्हाईतर पुढच्या टायमाला दोघंबी आत.”

झाडं गेली. तिच्याजवळ राहिलं फक्त लुगड्याच्या गाठीतलं चिमूटभर बी. आणि सिदू पुन्हा हंबरू लागला.

केजचे विजयसिंह भाऊसाहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. त्यांचा पुतण्या आदिनाथ पुण्यात वकिली शिकत होता. त्यानं एकदा वस्तीवर सांगितलं होतं की परदेशात अशा रोग्यांना सरकार कार्डच देतं. कार्ड असलं की पोलीस हात लावत नाहीत. आपल्याकडं तसं काही नाही, हेही तो म्हणाला होता. पण दगडाबाईनं पहिलंच धरून ठेवलं आणि ती केजला बंगल्यावर गेली.

भाऊसाहेब पोट धरून हसले. मग त्यांना लहर आली. त्यांनी पाकिटातून स्वतःचा परवाना काढून दाखवला. प्रकृतीसाठी दारू लागते म्हणून सरकारनं दिलेला, रीतसर.

“हे बग दगडाबाई. आमचं बी दुखणंच हाय!”

दगडाबाईनं त्या माणसाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. वळूसारखी मान, गाल लालबुंद, हसताना खुर्ची करकरत होती. ह्या प्रकृतीला औषध लागतं?

“मग मालकाचं बी काढा की भाऊसाहेब. तुमी कार्डात बसता तर ते कावून बसणार न्हाईत? त्यांचा तर जबडाच न्हाई.”

भाऊसाहेबांचं हसू थांबलं. वाढदिवसाला शिबिर ठेवलंय, मोठे डॉक्टर येणार आहेत, सिदूला घेऊन ये, बघतो, असं ते म्हणाले.

तिनं सिदूला धुतलं, नवं धोतर नेसवलं, जखमेवर स्वच्छ उपरणं बांधलं आणि भाड्याच्या जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन केजला नेलं. मंगल कार्यालयात गेल्यावर तिला कळलं की शिबिर व्यसनमुक्तीचं आहे. सिदूला थेट स्टेजवर चढवलं. भाऊसाहेबांनी माइक हातात घेतला.

“बगा, व्यसन माणसाचं काय करतं! ह्यो आपला सिदू. गांजाच्या नादी लागला होता. आज तुमच्यासमोर शपथ घेणार हाय.”

आणि त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत सिदूचं मनगट धरून हात वर केला. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसऱ्या हातातला अत्तराचा रुमाल त्यांच्या नाकावर होता.

दगडाबाई पायऱ्या चढून वर गेली. डॉक्टर खुर्ची मागं सरकवू लागला. तिनं सिदूच्या गळ्याचं उपरणं सोडलं.

“डाक्टर, नीट बगा. बसतंय का न्हाई हे कार्डात?”

डॉक्टरनं मान फिरवली. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. भाऊसाहेब “घ्या रे खाली तिला” म्हणाले आणि केक आणायला सांगितलं. त्या अत्तराची, केकची, टाळ्या वाजवलेल्या हातांची तिला अशी किळस आली की ती बाहेर येऊन गटारापाशी ओकली. तोंड धुतलं, नवऱ्याला उचललं आणि घरी आणलं.

पंधरवडा गेला असेल. भाऊसाहेबांची बायको वनमाला वस्तीवर आली. गाडी लांब उभी करून, पदर नाकावर घेऊन. सासूबाईंच्या, म्हणजे केसरबाईंच्या, हाडांत रोग उतरला होता आणि गोळ्या लागू पडत नव्हत्या.

“मावशी, तो पाला थोडा द्याल का? कुणाला कळू देऊ नका.”

दगडाबाईला तिच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. पण आत सिदू हंबरत होता. तिनं थुंकी गिळली आणि लुगड्याची गाठ सोडली.

“पाला पोलिसांनी नेला. बी हाय. तुमच्या बंगल्यामागं लावा. तिथं जीप येत न्हाई. निम्मा पाला माझ्या मालकाचा.”

वनमालानं गळ्याची शपथ घेतली. रोपं उगवली, वाढली, म्हणून निरोपही येत राहिले. दगडाबाई रोज सिदूच्या कानात सांगायची, “आलंच बगा, थोडं दमा.” सिदूला दम निघाला नाही. रोपं गुडघ्याएवढी झाली त्या आठवड्यात तो ओरडत ओरडत गेला.

सिदूचं दहावं-तेरावं झाल्यावर वनमाला पुन्हा आली. बाई शब्दाला जागली होती. पिशवीत मोजून निम्मा पाला होता. ती मान खाली घालून उभी राहिली. आज पदर नाकावर नव्हता.

“म्हातारी झोपती का आता?” दगडाबाईनं विचारलं.

“झोपतात. शांत झोपतात.”

दगडाबाईनं पिशवी तिच्या हातात परत दिली.

“मग समदा त्यांनाच द्या. त्यांचं दुखणं बी खरंच हाय. तेवडं त्यांना स्टेजवर नेऊ नका, वैनी.”