वेदीमागचं बटण

संपदा घोसाळकर रागावली की ओरडत नसे. ओरडणारी माणसं परवडली, कारण त्यांचं तिथल्या तिथे संपतं. संपदा राग मुरांब्यासारखा मुरत ठेवायची आणि बरणी कधी उघडायची ते तिचं ती ठरवायची. ज्या साहेबाने तिचं प्रमोशन अडवलं, त्याच्या निरोपसमारंभाला ती गजरा माळून गेली होती. ग्रुप फोटोही तिनेच काढला. शंभर फोटोंतून नेमका साहेबाचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं असलेला फोटो निवडून, चांगल्या सागवानी फ्रेममध्ये घालून तिने तो त्याला भेट दिला. आता अशा बाईच्या वाटेला जायचं म्हणजे माणसाने विचार करायला हवा. कौस्तुभने तो केला नाही.

लालबागची खोली विकून संपदा आणि तिचा नवरा यतीन भाईंदरच्या जेसल पार्कात राहायला आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खाडीवर फ्लेमिंगो येतात म्हणून इथे ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा असतो. संपदानेही पंचेचाळिशीत एक घेतला, पण पक्ष्यांशी तिचं जमलं नाही. पक्षी बसत नाहीत आणि तिला कुणाच्या मागे धावायची सवय नव्हती. मग एकदा उत्तनला जाताना बस बंद पडली आणि पाणी मागायला ती रस्त्याकडेच्या एका गावातल्या चर्चमध्ये शिरली. पांढऱ्या भिंती, निळी किनार, बाहेर काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील आणि आत लाकडी बाकांवर पडलेलं पट्टेदार ऊन. पाणी प्यायचं राहिलंच. त्या दिवसापासून सुट्टीचा रविवार म्हणजे चर्च. राई गावाच्या पुढे खाडीकाठाने आणि डोंगराच्या कुशीने जेवढी गावं आहेत, तेवढ्यांतली चर्च तिने आतून-बाहेरून टिपली. यतीन म्हणायचा की घरच्या देवाला हिने वर्षभरात फूल वाहिलं नाही आणि हिच्याकडे येशूचे फोटो मात्र सगळ्या कोनांतून आहेत.

तिची एक पद्धत होती. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही, शेवटच्या बाकावर नुसतं बसायचं. मग फादरना विचारायचं. आतली एकही वस्तू हलवायची नाही, फुलदाणी वाकडी असेल तर फोटोतही वाकडीच. आणि नंतर प्रिंट काढून नेऊन द्यायची. एवढ्यावर त्या गावांनी तिला आपलं म्हटलं. बोंबील वाळत घातलेल्या त्या पहिल्या गावात तर ती 'फोटूवाली बाय' झाली.

त्या चर्चची किल्ली फिलुमाय सांभाळायची. एके काळी भाईंदरच्या बाजारात मासळी विकलेली, गुडघ्यांनी अधू झालेली विधवा म्हातारी. झाडलोट तिची, वेदीवरचं कापड बदलणं तिचं आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे वेदीशेजारचा लाल दिवा. मागच्या सोनेरी पेटीत पवित्र भाकर आहे, म्हणजे प्रभू घरात आहे, तोवर हा दिवा जळायलाच हवा. पेटी रिकामी करतात ती गुड फ्रायडेला, दिवा मालवायचा तो तेव्हाच. पूर्वी तेलाचा होता, आता काचेत बल्ब आहे. तेव्हा तिची सासू राखायची, आता ती. वादळात गावाची वीज कितीतरी दिवस गेली होती, तेव्हा फिलुमाय काचेत मेणबत्ती लावून रात्रंदिवस तिच्यापाशी बसून राहिली होती.

एकदा संपदा आत असतानाच वीज गेली आणि तासाभराने आली. फिलुमायने मेणबत्ती फुंकायच्या आधी तिचा हात धरून वेदीमागच्या खोलीत नेलं, मेणबत्ती लावताना बंद केलेलं दारामागचं बटण दाखवलं आणि तिलाच ते दाबायला लावलं. परक्या बाईला कुणी असं करू देत नाही. संपदा घरी येऊन यतीनला ते सांगताना रडली होती, आणि रडणं हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

कौस्तुभ हा कॅमेरा क्लबमधला पोरगा. म्हणजे तिशीतला, पण संपदाला पोरगाच. जाहिरातींचे फोटो काढायचा, बोलायला गोड. ताई, ताई करत मागे लागला आणि तिने त्याला गावोगाव नेलं, फादरांना ओळख करून दिली, डब्यातली थालीपिठं खायला घातली. बोंबीलवाल्या गावात माळ्यावर जाणारा एक लाकडी जिना आहे. त्याच्या वळणावरच्या पायरीवर थंडीतल्या संध्याकाळी उभं राहिलं की पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट वेदीपर्यंत पोचलेलं दिसतं. ती पायरी तिला दोन हिवाळे घालवल्यावर सापडली होती. तीही तिने त्याला दाखवली.

पुढच्या वर्षी भाईंदरमध्ये त्याचं प्रदर्शन लागलं. सगळी तिचीच चर्च, आणि दारासमोरच भिंतभर मोठा करून लावलेला तो पायरीवरचा फोटो. चोरीचा नव्हता, त्याने स्वतः काढलेला होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. उद्घाटनाच्या भाषणात त्याने ही गावं आपण कशी शोधून काढली ते सांगितलं. मग पहिल्या रांगेकडे हात करून म्हणाला, "आणि या आमच्या संपदामावशी. यांच्या थालीपिठांशिवाय हे शक्यच झालं नसतं." लोक हसले, टाळ्याही वाजल्या. संपदा उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. बरणीचं झाकण तिने त्याच क्षणी घट्ट लावलं.

क्लबात लोक तिला मुद्दाम थालीपिठांबद्दल विचारायला लागले. ती हसून रेसिपी सांगायची. रात्री मात्र ते भाषण तिच्या कानात परत सुरू व्हायचं. त्याचं हसणं, 'मावशी' म्हणताना लांबवलेला सूर. याचं तोंड काळं व्हायला हवं, आणि तेही जिथून याने नाव कमावलं त्याच ठिकाणी, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे तिने आयुष्यात इतक्या मनापासून दुसरं काही मागितलं नसेल.

संधी आपण होऊन फोनवर आली. कुठल्याशा ट्रस्टने कौस्तुभला या सगळ्या चर्चवर मोठं पुस्तक करायला दिलं होतं आणि तो दुपारचा बोंबीलवाल्या गावातच होता. फिलुमाय त्याला आत सोडून जेवायला गेली होती. त्याने विचारलं, "ताई, डाव्या बाजूला लाल कास्ट येतोय यार, सगळं लालसर दिसतंय, कितीही करेक्ट केलं तरी जात नाहीये. तो झिरोचा बल्ब बंद करता येतो का?"

संपदा तेव्हा कणीक मळत होती. नको, त्याला हात लावू नकोस, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? ती थांबली. त्याने पलीकडून हॅलो, हॅलो केलं.

"मागच्या खोलीत, दारामागे बटण आहे," ती म्हणाली, आणि परत कणीक मळायला लागली.

त्याने दिवा बंद केला आणि फोटो काढले. पुन्हा लावायचं अर्थातच त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो सामान आवरत असताना बाया रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला आल्या आणि वेदीशेजारी अंधार बघून पहिली जी किंचाळली, तिच्या आवाजाने जाळी विणणारे पुरुष धावत आले. कुणी हात उगारला नाही, पण त्याला मधल्या वाटेवर गुडघ्यांवर बसून सगळ्या गावासमोर माफी मागावी लागली. कार्डातले सगळे फोटो त्याच्याच हाताने पुसवले. ट्रस्टने पुस्तक काढून घेतलं. क्लबच्या ग्रुपवर ही बातमी आली, तेव्हा संपदाने यतीनला शिरा करून घातला, केशर घालून. कारण त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्या रात्री तिला छान झोप लागली.

रविवारी ती गावात गेली. खरं तर लोकांच्या तोंडून तपशील ऐकायचे होते, गुडघ्यांवरचा कौस्तुभ पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणायचा होता. चर्चच्या दारावर नवा बोर्ड होता, आत फोटो काढायला सक्त मनाई. हे तिच्या हिशेबात नव्हतं. पण त्यापेक्षाही हिशेबात नसलेली गोष्ट म्हणजे बाहेरच्या पायरीवर फिलुमाय बसली होती आणि तिच्या कमरेला किल्ली नव्हती.

कुणी काढून घेतली का, असं संपदाने घाबरत विचारलं. कुणी नाही, म्हातारीने आपणच फादरच्या हातात दिली होती. फादर नको म्हणाले, गाव नको म्हणालं, तरी दिली. सासूच्या हातून जे झालं नाही ते तिच्या राखणीत झालं होतं, आणि यावर तिला कुणाशी वाद घालायचा नव्हता. कौस्तुभबद्दल मात्र ती वाईट बोलली नाही. त्या पोराला काय ठाऊक, म्हणाली.

"बटण त्याला घावलं कसं, तो इचार करते हाय," ती सावकाश म्हणाली. "मी तं एकाच भायेरच्या मानसाला दावलं व्हतं."

नाही म्हणावं, त्याने शोधलं असेल म्हणावं, असं संपदाच्या मनात आलं. पण म्हातारी तिच्याकडे बघत होती आणि त्या डोळ्यांपुढे खोटं बोलणं तिला झेपेना. तिने मान खाली घातली. मग प्रदर्शन, भाषण, थालीपीठ, सगळं तुटक तुटक सांगितलं. सांगताना आवाज चढला. त्या 'मावशी'पाशी आल्यावर तर तिच्या मुठी वळल्या.

फिलुमायने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आता निवला तुझा राग?"

संपदाने खरंच मनात शोधून पाहिलं. कौस्तुभ भाषण करत होता, लोक हसत होते, अजूनही, तस्संच.

"नाही," ती म्हणाली.

"मंग फुकट इजवलीस गो माझी बत्ती," फिलुमाय म्हणाली, आणि भिंतीला धरून उठायला लागली. संपदाने आधाराला हात पुढे केला. तो तिने घेतला नाही.