दात दाखवणारी मुलगी

आमच्या कॅलेंडरच्या छापखान्यात सगळे त्यांना बाळकाका म्हणत. तीस वर्षं ते फक्त बाळंच रंगवत आले होते, म्हणून हे नाव. मी खालच्या तारखा तपासायचो, ते वरचं चित्र काढायचे. लोक तारखांसाठी कॅलेंडर टांगतात, असा माझा बरीच वर्षं गोड गैरसमज होता. खरं तर आपल्या घरी कसं मूल यावं, ते लोक आमच्याकडून निवडून नेत. गोरं, गुबगुबीत, कपाळावर एक बट, आणि बहुतेक वेळा मुलगाच. मुलगी आलीच तर कडेवर बाहुली, ओठ मिटलेले, फ्रॉकवर एक सुरकुती नाही.

घरांची आवड बदलली तसं बाळही बदललं. आधी ते उशीला टेकून एकटं बसायचं. पुढे दोन्ही बाजूंना आईबाप आले. मग पाठीला दप्तर लागलं, पण डोळ्यांवर चष्मा कधीच लागला नाही. मालक सांगत, काका रंगवत. वादाच्या भानगडीत ते पडत नसत.

काकांची बायको दवाखान्यात परिचारिका होती. त्यामुळे आठ वर्षांची लेक शाळा सुटली की छापखान्यात यायची. काका तिलाच समोर बसवून चित्र काढत. "चेंडू धर. मान जरा तिरकी. हलू नकोस गं!" चित्र पुरं होईपर्यंत तिचा मुलगा झालेला असे, आणि रंगही चार छटा उजळलेला.

एकदा नवी कॅलेंडरं छापून आली. लेकीने त्यातलं एक उचललं आणि निरखून पाहिलं.

"बाबा, हे माझे गुडघे आहेत ना?"

"हो."

"मग मी कुठे आहे?"

काका पाण्यात कुंचला उगाच ढवळत बसले. त्या दिवशी त्यांनी पुढे काहीच काम केलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते मालकांकडे नवं चित्र घेऊन गेले. मी तारखांचा कागद दाखवायला तिथेच उभा होतो. चित्रात लेक कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. सावळी, हडकुळी, एक चप्पल खाली पडलेली, आणि पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून खदखदून हसणारी.

"चित्र झकास आहे हो," मालक म्हणाले. "पण हिला भिंतीवर कोण टांगणार? दात दिसतायत. आणि जे दिसायला हवेत ते नाहीतच!"

"या वयात पडतातच."

"मला काय ठाऊक नाही? माझ्या नातीचेही पडलेत. तिचा फोटो आम्ही तोंड मिटायला लावून काढला." एवढं बोलून मालकांनी चित्र पुन्हा जवळ ओढलं.

"मग पुढचं बाळ दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी तारखांकडे.

शेवटी थोड्याच प्रती काढायचं ठरलं. दुकानदारांनी निम्म्या परत पाठवल्या. एकाने निरोप धाडला, गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण पोर, आणि एवढी कशाला हसतेय? मग एक दिवस मुलांचे दात बघणारे डॉक्टर छापखान्यात आले आणि उरलेला सगळा गठ्ठा घेऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा मागितलं, दोन शाळांनीही मागितलं. गुबगुबीत बाळाचा खप काही कमी झाला नाही, पण या मुलीलाही जागा मिळाली.

पुढे लेकीची दाढ किडली तेव्हा काका तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर भिंतीवर तिचंच कॅलेंडर टांगलेलं होतं. तिथे बसलेल्या मुलांना तिने ऐटीत सांगितलं, "ती मीच आहे." पुरावा म्हणून आ वासला, तर दात सगळे जागच्या जागी! कुणाचा म्हणून विश्वास बसेना. ती घरी येईपर्यंत फुरंगटून बसली होती.

"समजूत काढायला म्हटलं, चल, नवं चित्र काढतो," दुसऱ्या दिवशी काका मला सांगत होते. "आजवर नुसतं बस म्हणायचो. काल पहिल्यांदाच विचारलं, काढू का गं तुला?"

"मग?"

"नको म्हणाली." काका हसले. "मग दोघं फिरायला गेलो."