तोंडात गोळी

मी कॉलेजात इतिहास शिकवते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी युरोपातल्या वेढ्यांवरचं एक प्रकरण मराठीत आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आणि पस्तावले. सोळाव्या-सतराव्या शतकातलं तिथलं युद्ध म्हणजे बहुतेक वेळा नुसतं बसणं. शहराभोवती बसायचं, नागमोडी चर खणत इंचाइंचाने तटाकडे सरकायचं आणि आतले लोक घोडे, मग उंदीर खायला लागेपर्यंत वाट बघायची. महिनोन् महिने! आतले हट्टी, बाहेरचे त्याहून हट्टी. वाचताना माझंच डोकं उठायचं. अरे, लढा नाहीतर घरी जा ना!

आणि नेमकं तेव्हाच आमच्या घराला वेढा पडला होता. अंधेरी पूर्वेची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी सह्या केल्या, माझ्या वडिलांनीही केली. एकेक बिऱ्हाड गेलं. तिसऱ्या मजल्यावर उरलो बाबा आणि मी. मरोळला भाड्याचं घर ठरलेलं, खोकी बांधलेली, तरी बाबा निघेनात. कारण काय, तर गेट.

बाबा मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते. बिल्डिंगचं पुढचं लोखंडी गेट त्यांनी सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन स्वतःच्या हाताने बनवलं होतं. ठेकेदाराच्या माणसांनी त्या गेटावर बाहेरून पत्रे ठोकले, आतून तोडफोडीचं डबर टाकलं आणि ये-जा करायला मागच्या भिंतीत, कचऱ्याच्या खोलीशेजारी, भगदाड पाडलं. सुपरवायझर म्हणाला, "काका, सामान मागून काढा." झालं! बाबा खुर्चीत बसले ते बसले. "मी त्या भोकातून जायचो नाय. ज्या गेटाने आत आलो, त्याच गेटाने बाहेर जाईन. उघडा म्हणावं."

बाबांचा हट्ट एकवेळ चालला असता, पण त्यांचं हृदय धड नव्हतं. जिने चढउतर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी कायम शर्टाच्या खिशात. त्यात लिफ्ट बंद झाली. मग गॅस गेला. मग पंप काढून नेला, आणि मी कॉलेजातून आल्यावर पाण्याचे कॅन तीन मजले वाहू लागले. प्रत्येक पायरीवर मी बाबांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि वर पोहोचेपर्यंत धाकधूक, की माणूस ठीक असेल ना? नसला तर ह्याला खाली कसा आणू, आणि कोणाच्या मदतीने?

वर येऊन बघावं तर बाबा माझं प्रकरण वाचत बसलेले. वेळ जात नाही म्हणून मीच कागद दिले होते, माझीच चूक. एके दिवशी ते हसायलाच लागले.

"काय गो, ह्यांना बीपी होतं की गॅस?"

"कोणाला?"

त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. तटाला भगदाड पडल्यावर किल्लेदाराने वेळेत शरणागती पत्करली, तर त्याच्या सैन्याला मानाने बाहेर पडू देत. ढोल वाजवत, निशाणं फडकवत, तोंडात गोळी धरून.

"बंदुकीची गोळी, बाबा!" मी वैतागून म्हटलं. "बार भरताना हात अडकलेले असतात, म्हणून पुढची गोळी गालात ठेवायचे. गोळी तोंडात आहे म्हणजे आम्ही किल्ला सोडतोय, पण अजून लढू शकतो. आणि हो, ही मानाची माणसं भगदाडातूनच बाहेर पडायची. वाचलंत ना?"

"ते तोफेने पडलेलं. हे ह्यांनी कचरा टाकायला पाडलंय."

मी पेन घेऊन गोळीच्या आधी 'शिशाची' असं लिहिलं, म्हणजे कोणाला औषधाची वाटायला नको. बाबांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग कागद उलटा करून म्हणाले, "लिही. माझ्या अटी." अटी दोनच. पुढचं गेट उघडायचं. आणि उतरताना कोणी माझा हात धरायचा नाही.

शरमेने अर्धी होऊन मी तो कागद सुपरवायझरला दिला. त्याने वाचला, डोकं खाजवलं. "जेसीबी इथेच आहे मॅडम. अर्ध्या तासाचं काम. उद्या दहाला काकांना खाली आणा."

"अहो, मग इतके दिवस का नाही केलंत?"

"आम्हाला वाटलं काका नुसतेच चिडलेत. असं लिहून कुणी दिलंच नाही ना."

तीन आठवडे पाणी वाहिलं मी! अर्ध्या तासाच्या कामासाठी!

सकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मी पर्समधली लिमलेटची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या, धरा तोंडात. तेवढंच राहिलंय." आणि पिशव्या उचलून पुढे उतरले.

दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. खालून मला फक्त कठड्यावरचा हात दिसत होता. मी ओरडले, "बाबा, चला हो! रिक्षावाला काय दिवसभर थांबणारे?"

ते आले. ताठ, एकेक पायरी, ओठ घट्ट मिटलेले. डबर बाजूला केलेलं होतं, पत्रे काढलेले होते. कामगार उठून उभे राहिले, कुणीतरी पत्र्यावर थाप मारून ताल धरला. सुपरवायझरने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मी विचारलं, "झालं समाधान?" तर बाबांनी मिटल्या तोंडाकडे बोट दाखवलं. मला हसू फुटलं. किती नाटकी माणूस! बाहेर आल्यावर त्यांनी गेट स्वतः ओढून लावलं, कडी घातली आणि रिक्षात बसले.

रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजलेला दिसला. रुमालासाठी मी त्यांच्या खिशात हात घातला. लिमलेटची गोळी हाताला लागली, कागदातच होती. तिच्याखाली औषधाची पट्टी. काल मी मोजून ठेवली होती, त्यातली एक जागा रिकामी होती.

"हॉस्पिटलला घ्या! लवकर घ्या!" मी रिक्षावाल्यावर किंचाळले.

तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. दुखायला कधी लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर." डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "मग तिथेच बसलात का नाही? मला हाक मारायला काय झालं होतं?"

"बसलो असतो तर माका उचलून त्या भोकातून काढला असतास, चेडवा. तोच रस्ता जवळ होता."

तेवढं खरं होतं. मी तेच केलं असतं. मी व्हरांड्यात जाऊन रडले, रागाने की कशाने ते मला अजून सांगता येत नाही.

मरोळच्या घरी खोक्यातून प्रकरणाचे कागद काढले आणि त्या वाक्यातला 'शिशाची' हा शब्द खोडून टाकला.