गौरीच्या पिंढऱ्यांवरची बोटं

"गुर्जी, लेकरावर हात उचालताना काई वाटलं न्हाई का तुमाला?"

रंगनाथअण्णा वर्गाच्या दारातच कडाडले. कडेवर त्यांची नात गौरी, माझ्या पहिलीच्या वर्गातली. मागे सरपंच. अण्णांनी गौरीचा फ्रॉक जरा वर सरकवला. दोन्ही पिंढऱ्यांवर बोटांचे काळपट वळ. स्वतःची काळजी नंतर वाटली. आधी वाटलं, या चिमणीला कोणी धरलं असेल एवढं घट्ट?

"मी मारलं असं कोण म्हणतं?"

"तीच. इचारलं, गुर्जींनी मारलं का? तर व्हय म्हनली."

तिसगावजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा, आम्ही दोघेच शिक्षक. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "सॉरी म्हणा, मिटवून टाका. पोलिसांत गेलं तर सस्पेन्शन." सस्पेन्शन म्हणजे चौकशी संपेपर्यंत घरी बसायचं. पुढे निर्दोष ठरलात तरी पोरं मारणारा मास्तर ही ओळख काही पुसत नाही.

पण न केलेल्या गोष्टीची माफी म्हणजे कबुलीच. शिवाय खरंच कोणी मारत असेल तर तो मोकळा सुटणार. मी म्हणालो, "अण्णा, तक्रार जरूर करा. पण आधी दवाखान्यात चला. वळ कशाचे ते डॉक्टर सांगतील."

निघताना अण्णांनी गौरीला खाली ठेवलं, तसा मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "तुला सरपंचांनी मारलं का गं?" तिनं मान डोलावली.

"आरं, म्या कवा?" सरपंच दचकले.

"आणि शाळेच्या घंटेनं?" पुन्हा मान डोलली. गोड पोर, कुणालाच नाही म्हणायची नाही. अण्णा जरा घुटमळले, पण राग उतरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी वळ दाबून पाहिले. गौरी खुदुखुदु हसली. "दुखत नाही, सूजही नाही. घरी लिंबं आहेत का?"

"बागच हाय की."

"लिंबाचा रस कातडीला लागला आणि वर कडक ऊन पडलं, की दोन-तीन दिवसांनी असे डाग उमटतात."

"पर तिच्या पायाला रस कोन लावंल?"

एवढ्यात कंटाळलेल्या गौरीनं हात वर केले. "आज्या, घोडा घोडा!"

अण्णांनी सवयीनं तिला खांद्यावर घेतलं आणि दोन्ही पाय पुढून धरले. एकेक बोट एकेका वळावर जाऊन बसलं. आम्ही सगळे त्या हातांकडे पाहत राहिलो. अण्णांनीही मान खाली घालून पाहिलं.

"रैवारी बागंत सरबत क्येलं," ते पुटपुटले, "आन् हिला अशीच घिऊन घरी आलो. भर उनात."

मग नातीला घट्ट धरून ते ढसाढसा रडले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नातीसाठी असं भांडणारा आजा प्रत्येक पोराला मिळावा, असंच वाटलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सरपंचांसमोर, भरल्या वर्गात माझी माफी मागितली आणि पिशवीभर लिंबं टेबलावर ठेवली. डाग हळूहळू विरले.

तेव्हापासून नव्या शिक्षकांना मी एकच सांगतो. मुलाला 'काय झालं' विचारा, 'अमक्यानं मारलं का' विचारू नका.

अण्णांना मात्र वेगळं सांगितलं. घोडा रोज होऊ द्या, फक्त आधी हात धुवा.