उधाणातली हजेरी

ठमाबाईला अक्षर येत नव्हते. त्याची तिला लाज नव्हती, राग होता. मुंबईच्या गोदीत कामाला गेलेल्या मुलाचे पत्र आठ दिवस तिच्या कनवटीला राहिले. वाचणारा उरणच्या बाजारात भेटला आणि कळले की मुलगा आजारी आहे, लगेच बोलावतो आहे. तोवर लगेच जाण्याचे कारण उरले नव्हते. पुढे कोळीवाड्यात लोकल बोर्डाची शाळा निघाली, तेव्हा नातीला, केसरला, तिने पहिल्याच दिवशी नेऊन बसवले.

एकोणीसशे बत्तीस साली बोर्डाला काटकसर सुचली. पंचवीसपेक्षा कमी हजेरीच्या शाळा बंद करायच्या. इथे पटावर मुले एकतीस. पण दिपोटीसाहेब दोनदा तपासणीला आले तेव्हा वर्गात सात मुले आणि एक कोंबडी. गावाला शिक्षणाची आवड नाही, असे त्यांनी लिहिले. साहेब तारीख पाहून येत. कोळीवाडा तिथी पाहून जगे. दोन्ही वेळा अमावास्या-पौर्णिमेचे उधाण होते. उधाणाला जाळी भरतात, आणि बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वाळत टांगायला मुलांची बोटे लागतात. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावले की वर्ग भरे.

शेवटची तपासणी ठरली अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. दत्तात्रेय मास्तरांनी दिवस बदलून मागितला. बोर्ड पंचांग पाळत नाही, असे उत्तर आले.

"उद्या पोरं साळंत बसतील," ठमाबाईने वाड्याला सांगितले.

"आन् म्हावरं कोन टांगंल? तुजे मास्तर?" येसाजी तांडेल म्हणाला.

"कुजू दे. म्हावरं परत येतंय. साळा न्हाय येत."

तरी सहा बापांनी आपली पोरे सकाळीच किनाऱ्यावर नेली. उरली नेमकी पंचवीस. साहेबांनी चहा घेतला, चष्मा पुसला, आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. दहाव्या नावाला होड्या किनाऱ्याला लागल्या. विसाव्याला येसाजी ओल्या अंगाने दारात उभा राहिला.

"शकू, चल. माल उन्हात पडलाय."

ठमाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती हलली नाही.

"ठमाबाय, वाट सोड."

"मला वलांडून ने तिला."

येसाजीने वादळे पाहिली होती. वडीलधारी बाई ओलांडणे हे त्याच्या धंद्यात बसत नव्हते. तो तसाच उभा राहिला.

चोविसावी हजेरी लागली. "शकू येसाजी."

शकू बापाकडे बघत होती, बाप समुद्राकडे. साहेबांची पेन्सिल कागदावर टेकली.

"शकू येसाजी?"

"हाय म्हन की गो, पोरी!" येसाजी ओरडला.

"हजर," शकू पुटपुटली.

साहेब दुपारी जेवून गेले. तोवर किनाऱ्यावरच्या ढिगांवर माश्या घोंगावू लागल्या होत्या.

अहवाल आला, तो केसरने मोठ्याने वाचून दाखवला. 'हजेरी पंचवीस. शाळा चालू ठेवावी. गावात दुर्गंधी असह्य.'

ठमाबाई नाकाला पदर लावून ऐकत होती. वाड्यातला वास अजून गेला नव्हता.

"परत वाच," ती म्हणाली.