निळं पाणी

सिंगापुरातल्या आमच्या यिशुनच्या फ्लॅटवर कुणी पहिल्यांदा जेवायला आलं, की माझा नवरा दुसऱ्या पोळीच्या आत ट्रकवर येतो. "बाहेर उणे तीस, बर्फाचं वादळ, वीस फुटी ट्रक, आणि स्टिअरिंगवर मी!" उणे तीस नव्हतं, उणे चौदा होतं. वादळही नव्हतं. आमची मुलगी ताटावरून डोकं न उचलता "पा, एनफ लाह," म्हणते, पण ऐकतो कोण? मला खरी चीड येते ती याची, की त्याच्या गोष्टीत निळं पाणी कधीच येत नाही. म्हणून ते मीच इथे सांगून टाकते.

ट्रकमध्ये सामान माझ्या ताईचं होतं. तिचा सगळा संसार कॅनडात, विनिपेगला झाला. त्या वर्षी सप्टेंबरात भावजी अचानक गेले. एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करू, म्हणून तिने घर विकलं आणि कॅल्गरीला, मुलाच्या घराजवळ, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. घर डिसेंबरात रिकामं करून द्यायचं होतं आणि सामान हलवणारे म्हणत होते, जानेवारीशिवाय ट्रक नाही. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून नवरा माझ्या मागून ओरडला, "ताई, आम्ही येतो! ट्रक काय, मी चालवतो."

हा माणूस सिंगापूरला आल्यापासून रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टाला ऑफिसला जातो. आम्हाला गाडी नाही. वर्षातून एकदा भाड्याची गाडी घेऊन शेजारच्या मलेशियात मलाक्का, एवढंच त्याचं ड्रायव्हिंग. मी डोळे वटारले, पण तिकडे ताई रडायला लागली होती. मग काय बोलणार!

विनिपेगला पोचल्यावर मीही काही कमी केलं नाही. इथे सिंगापूरला आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतच कचऱ्याची झडप आहे. उघडायची, ढकलायचं, खाली धप्प. इतक्या वर्षांत हाताला सवयच लागली आहे, सहा महिने वापरलं नाही की ढकल. तोच हात घेऊन मी भावजींच्या गॅरेजमध्ये शिरले. "ताई, नव्या घरात एवढी जागा नाही," हे मी दर दहा मिनिटांनी म्हणत होते आणि नवऱ्याने धरलेल्या पिशवीत एकेक वस्तू टाकत होते. तीन मोठ्या काळ्या पिशव्या भरल्या. ताई दारात उभी राहून बघत होती. एकदाच म्हणाली, "राहू दे की गं थोडं."

"अगं, जुने बूट आणि अर्धे रिकामे डबे! काय करणारेस त्यांचं?"

ती आत निघून गेली. मला वाटलं, पटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या आणि आम्ही निघालो. फ्लॅटची किल्ली त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ताब्यात घ्यायची होती. मध्ये तेराशे किलोमीटर. पुढच्या सीटवर तिघं, नवरा स्टिअरिंगला, मी मध्ये आणि ताई खिडकीशी. तिच्या पायाशी शालीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. देव असतील म्हणून मी विचारलं नाही.

रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. बघण्यासारखं काही नाही, आणि बघायला काच तरी स्वच्छ कुठे होती! रस्त्यावर मीठ टाकलेलं, त्यामुळे बर्फाचा काळा चिखल झालेला. शेजारून मोठा ट्रेलर गेला की तो सगळा चिखल आमच्या काचेवर. नवरा दर दोन मिनिटांनी काच धुवायचं बटण दाबत होता. त्याच्या टाकीत एक निळं पाणी असतं, ते दुपारच्या आत संपलं.

पेट्रोल पंपावर त्याचे कॅन दारातच रचून ठेवले होते. नवऱ्याने एक उचलून बघितला आणि परत ठेवला. मी कॉफी घ्यायला गेले, ताई बाथरूमला गेली. तेवढ्यात ह्याने प्यायच्या पाण्याची बाटली नळाखाली तीनदा भरून टाकीत ओतली. गड जिंकल्यासारखा येऊन बसला. "नीळ घातलेलं पाणी विकतायत लेकाचे," एवढंच म्हणाला. माझं लक्ष कॉफीत होतं.

दहाएक किलोमीटरवर एक ट्रेलर आम्हाला मागे टाकून गेला. नवऱ्याने बटण दाबलं. पाणी काचेवर पसरलं, वायपर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरता फिरता थबकला आणि समोरची अख्खी काच पांढरी झाली.

"मला काही दिसत नाहीये," तो म्हणाला. असा आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

खिडकीतून मुंडकं बाहेर काढून त्याने कसाबसा ट्रक कडेला घेतला. मागून येणारे ट्रेलर इतक्या जवळून जात होते की आमचा ट्रक भरलेला असूनही हलत होता. मी विचारलं, "काय घातलंस तू त्यात?"

"पाणी."

पुढे मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो बिचारा खाली उतरून एमआरटीच्या कार्डाने काच खरवडायला लागला. चौथ्या फटक्याला कार्डाचे दोन तुकडे झाले.

तेव्हा ताईने शाल सोडली. आत देव नव्हते. निळ्या पाण्याचा अर्धा भरलेला जुना कॅन होता, आदल्या दिवशी मीच काळ्या पिशवीत टाकलेला. त्यावर जाड काळ्या पेनने भावजींच्या अक्षरात लिहिलं होतं, "पाणी घालू नये. काच गोठेल."

"पहिल्या हिवाळ्यात मीपण हेच केलं होतं," ताई म्हणाली. "तेव्हा ह्यांनी लिहून ठेवलं. पुसट झालं की परत गिरवायचे. तुम्ही जेवत होतात तेव्हा पिशवीतून काढून आणला."

तिने स्वतः उतरून ते काचेवर ओतलं आणि शालीच्या टोकाने पुसलं. पाच-दहा मिनिटं काच स्वच्छ राहायची, की पुन्हा थांबायचं. पुन्हा ताई उतरायची. मला हात लावू दिला नाही. चौथ्या वेळी तळाशी घोटभर उरलं, तेव्हा मीच म्हटलं, "ताई, राहू दे की थोडं."

"अगं, ते काचेवर ओतायलाच असतं," ती म्हणाली आणि तिने कॅन उपडा केला.

पुढच्या गावात ट्रक धुवायची गरम शेड होती. तिथे टाकीतला बर्फ वितळेपर्यंत तासभर बसलो. नवऱ्याने न सांगता निळ्या पाण्याचे दोन मोठे कॅन आणले, आणि सवयीने ताईचा रिकामा कॅन उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. मी एवढ्यांदा ओरडले की शेडमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याने मुकाट्याने तो कॅन आणून ताईच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला आम्ही किल्ली घेतली. सामान लागायच्या आधी ताईने कॅन ओट्यावर ठेवला, अक्षर पुढे करून. मी शेजारी भांडी काढत होते. मला तिला सांगायचं होतं, की चुकलं माझं. तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेश नाही.

"त्या तीन पिशव्यांतल्या आणखी कशावर काय लिहिलं होतं गं? तू वाचलं असशील ना टाकताना?"

मी वाचलं नव्हतं. मला घाई होती.