नारपोलीच्या लूमवरची लिनक्स मंडळी

दर रविवारी नारपोलीत आम्हा लिनक्सवेड्यांची बैठक भरते. खाली पॉवरलूम चालू, वरच्या खोलीत आम्ही चालू! काम होतं चिमूटभर, किस्से साठतात पोतंभर. घरी सांगायला गेलं की, "तुमचं ते कंप्युटरपुराण नको," म्हणतात. म्हणून तुम्हाला पकडलंय.

मंडळी मोजकीच. खारबावचा हेमंत पाटील, गोदामाचा मालक. इम्रानभाई, भंगारातल्या मशीनमध्ये जीव ओतणारे. कॉलेजातून रिटायर झालेले चौधरी सर, जुन्या नेटवर्किंगचे भक्त. आणि मी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून रविवारी सुटका करून घेतलेली.

* * *

हेमंतला नवीन नवीन लागण झाली तेव्हाची गोष्ट. उत्साहाच्या भरात त्याने बायकोच्या, वंदनाच्या, लॅपटॉपवर न विचारता आधीची सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. फोटो वगैरे जपून ठेवले होते, पण पडदा उघडल्यावर सगळंच अनोळखी!

वंदना कडाडली, "ह्ये काय करून ठेवलंस?"

"अगं, ह्ये फुकट हाय! एकदम मोकलं हाय!"

"फुकट आन् मोकला त तू पन हायस," वंदना म्हणाली. "घरान काय उपेग?"

* * *

इम्रानभाईंनी एकदा तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डाचा सर्व्हर बनवला. पेटी कशाला विकत घ्यायची? स्टीलचा टिफिन होताच! रविवारी ऐटीत आले, "देखो, अख्खी लायब्ररी आहे यात," म्हणत झाकण उघडलं.

आत भेंडी.

आम्ही भेंडीकडे बघतोय, तेवढ्यात त्यांच्या मेव्हण्याचा फोन. तो लूमवर शिफ्टला गेलेला, नुकताच जेवायला बसलेला.

"भाईजान, आज की सब्जी हरी तो है," तो म्हणाला, "मगर कच्ची रह गई है!"

* * *

सरांच्या मोबाइलची रिंगटोन म्हणजे जुन्या डायल-अप मोडेमचा आवाज. तीच किर्रर्र, तीच किंचाळी. "या आवाजात अख्खं जग जोडलं जायचं!" असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावतात.

एकदा दवाखान्यात नंबरची वाट बघत बसले असताना तो वाजला. शेजारच्या आजी दचकून उठल्या, सरांच्या पोटाकडे बघितलं आणि आत हाक मारली, "डॉक्टर, यांना आधी घ्या हो!"

* * *

सर आणि इम्रानभाई यांचं एकदा भांडण झालं. कारण? कोड लिहायला कुठला एडिटर प्रोग्राम चांगला! दोघं आपापल्या एडिटरवर असे अडून बसले की बोलणंच बंद. एकाच टेबलाशी बसायचे आणि आमच्या चॅट-सर्व्हरवरून एकमेकांना मेसेज टाकायचे. 'कृपया पक्कड सरकवावी.' 'सरकवली आहे.'

मला खरंच वाईट वाटायचं. खोलीतली मजाच आटली होती.

मग एका रविवारी लाइट गेली. सर्व्हर बंद. लूमही थांबले.

शेवटी सर म्हणाले, "लाइट गेली वाटतं."

"हाँ सर, गई."

"चहा घेणार?"

"आप पिलाओगे तो आपका एडिटर भी सीख लूँगा!"

* * *

आता हेमंतच्या वडिलांचं. बाबांना ऐकू येईनासं झालं. त्यांचे जिवलग बाळारामकाका अंबाडीला लेकीकडे राहतात, तेही ठार बहिरे. तरुणपणी दोघं खाडीत एका होडीवर जाळं टाकायचे. बाबा ओरडूनच बोलायचे, आणि मासे पळतील म्हणून काका दटावायचे. आता फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलवर जाड बोटं भलतीकडेच पडतात. बाबांनी त्यांचं नाव काढणंही सोडलं होतं.

सर म्हणाले, "जुना टॉक प्रोग्राम लावू. पडद्याचे दोन भाग. एकाने टाइप केलेलं अक्षर दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतं."

इम्रानभाईंनी भंगारातून दोन मोठे मॉनिटर उठवले, कीबोर्डवर ठळक मराठी अक्षरं चिकटवली. त्या जुन्या प्रोग्रामला देवनागरी शिकवताना सर रडकुंडीला आले.

अखेर जोडणी झाली. सर आणि इम्रानभाई अंबाडीला, हेमंत आणि मी खारबावला बाबांजवळ. वंदनाही हात पुसत येऊन उभी राहिली. पडदा कोरा. बाबा म्हणाले, "न्हाय जमायचा त्याला."

तेवढ्यात एक अक्षर उमटलं. मग दुसरं. खूप वेळाने वाक्य पुरं झालं:

'जेवलास का रं'

बाबा बघतच राहिले. हेमंतने कीबोर्ड पुढे सरकवला, पण बाबांना कुठला धीर! मॉनिटर दोन्ही हातांनी धरून, खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"जेवलो रं, बाळाराम!"

आम्ही हसू की रडू अशा अवस्थेत. आणि पडद्यावर पुन्हा एकेक अक्षर उमटायला लागलं:

'वरडू नको'